गाडीखालची टिकली

"बाई, गाडीच्या पोटाला हे काय चिकटलंय?"

ॲडव्होकेट सदानंद हत्तरकी एका हातानं काळा कोट सावरत, दुसरा गुडघ्यावर टेकून शिकाऊ गाडीखाली डोकावत होते. वय पन्नाशीच्या पुढं, फौजदारी वकिलीत तालुक्यात नाव. पण पहिला गिअर टाकताना अजून कुलदैवत आठवायचं. आपोआप चालणाऱ्या गाड्या येऊन इतकी वर्षं झाली, तरी ह्यांना गाडी शिकायचीच होती. "उद्या ते यंत्र फितूर झालं तर?" हे त्यांचं वकिली कारण. विजयमाला रेडेकरांच्या मोटार शाळेत पहिला नियम असा, की गाडीत बसायच्या आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायची आणि वाकून खाली बघायचं. कुत्र्याचं पिल्लू असतं, लपाछपी खेळणारं पोर असतं, तेल गळत असतं. नियम सगळ्यांना सारखा, मग तो वकील असो नाहीतर वकिलाचा बाप.

विजयमाला शेजारी वाकली. मागच्या चाकाच्या आत, पत्र्याच्या घडीत, रुपयाएवढी काळपट चकती बसली होती.

"टिकली," ती म्हणाली.

"टिकलीच. हात लावू नका. तुम्ही नाही आणि मीही नाही."

टिकली म्हणजे काय हे तांबळपेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पोलिसांच्या कागदात तिचं नाव वाहन-निरीक्षण चकती. एवढं लांबलचक कोण म्हणतंय, लोकांनी टिकली करून टाकलं. हिच्यात सेल नाही, अँटेना नाही, उपग्रहाशी बोलणं नाही, म्हणून कुठल्या शोधयंत्राला ती सापडत नाही. गाडीला धक्का बसला की त्या धक्क्यातूनच तिला लागेल तेवढी वीज मिळते, आणि त्याच धक्क्याची ती आठवण ठेवते. आता आपल्याकडं धक्क्यांना काय तोटा? मागं कधीतरी रस्ते दुरुस्त करायचे म्हणून बसगाड्यांना धक्के मोजणारी यंत्रं बसवली गेली आणि गावोगावच्या प्रत्येक खड्ड्याचा, गतिरोधकाचा, डांबराच्या ठिगळाचा नकाशा तयार झाला. खड्डे राहिले जागच्या जागी, नकाशा मात्र झकास झाला. बसगाड्या रोज धावतात, नकाशा रोज ताजा होतो. टिकलीतल्या धक्क्यांची माळ त्या नकाशावर ठेवली, की गाडी कुठून कुठं गेली, कुठं किती थांबली, सगळं उघडं पडतं. टिकली आपणहून कुणाला काही कळवत नाही. पेट्रोल पंप, टोलनाका, पोलीस चौकी इथं वाचनयंत्रं असतात. गाडी जवळून गेली की ती टिकलीतलं सगळं ओढून घेतात.

विजयमालाला टिकलीपेक्षा टिकलीवरच्या मातीची भीती वाटली. माती तांबडी होती. तांबळपेठेची माती काळी; तांबडी माती सोनदरा घाट उतरल्यावर लागते. म्हणजे मंगळवारी गाडी घाटाखाली गेली, तेव्हा टिकली गाडीला होती.

मंगळवारी गाडीत रेणुका होती. रेणुका म्हणजे इथल्या ठाण्याचे सहायक पोलीस निरीक्षक रणधीर इंगवले यांची बायको. दोन महिने ती गाडी शिकायला येत होती. पहिल्या आठवड्यात तिनं उन्हातसुद्धा लांब बाह्यांचं ब्लाऊज घातलं, दुसऱ्या आठवड्यात विजयमालानं न विचारता तिच्या दंडावरचे वळ पाहिले, आणि मंगळवारी तिला घाटाखालच्या आगरातल्या एका कौलारू घरी नेऊन सोडलं. ते घर निवृत्त नर्स फिलूबाईंचं. नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बायका तिथं लपून राहायच्या. त्यांना तिथवर पोचवायचं काम कित्येक वर्षं ही एल पाटीची गाडी करत होती. शिकाऊ गाडीत बाई बसली तर कोण विचारतंय कुठं चाललीस म्हणून? पत्ता फक्त विजयमालाला ठाऊक होता, आणि आता तो टिकलीलाही ठाऊक झाला होता.

"चला, बसा," ती वकिलांना म्हणाली. "मैदानात फेऱ्या मारा. मला काही विचारायचंय."

गाडी आचके देत निघाली. मैदान शाळेचंच होतं, बाजाराच्या मागं.

"ती काढली तर?"

"तीन वर्षं सक्तमजुरी. शाळेचं लायसन्स कायमचं जाईल ते वेगळं."

"क्लच हळू सोडा. चिखलानं आपोआप पडली तर?"

"चिखलाची उलटतपासणी घेता येत नाही बाई, तुमची येते."

"पण गाडी माझी! माझ्या गाडीला मला न विचारता चिकटवलेली वस्तू कुणाची?"

"गाडी तुमची, टिकली सरकारची. आतल्या माहितीचं काय, यावर वरच्या कोर्टात अजून भांडण चाललंय. नातवंडांच्या काळात निकाल लागेल." गाडी बंद पडली. वकिलांनी घाम पुसला. "आता कामाचं ऐका. टिकली लावायला न्यायाधीशांचा आदेश लागतो. टिकली सापडली, की आदेश आहे का, असला तर कशाच्या आधारावर, हे विचारायचा हक्क मालकाला आहे. अर्ज पडला की निकालापर्यंत वाचन थांबतं. आदेश नसला किंवा त्याचा आधार खोटा निघाला, तर टिकली न वाचता फोडतात."

"आणि आदेश खरा असला तर?"

"तर वाचतात." त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "मंगळवारनंतर गाडी पंपावर गेली होती? नाक्यावर?"

मंगळवार हा शब्द तिनं उच्चारलाच नव्हता. पण रेणुका मंगळवारपासून बेपत्ता आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि वकील काही दूधखुळे नव्हते.

"नाही. येताना सवयीनं जुन्या रस्त्यानं आले, नाका लागला नाही. मैदानाच्या मागच्या फाटकानं शिरले, म्हणजे चौकीही नाही. तेव्हापासून गाडी मैदानातच आहे. पेट्रोलचा काटा तळाला टेकलाय."

"देव पावला म्हणायचा. गाडी इथून हलवू नका. मी कोर्टात जाऊन अर्ज टाकतो." आणि वकीलसाहेब कोट फडफडवत चालत निघाले, कारण गाडी त्यांना येत नव्हती.

ते जाऊन तासभर झाला असेल, तेव्हा समोरून पोलिसांची जीप मैदानात शिरली.

रणधीर इंगवले खाली उतरला. उंचापुरा, दाढी घोटलेली, बोलणं लोण्यासारखं. गाडी चालवायला तोही इथंच शिकला होता, म्हणून 'बाई' म्हणायचा.

"बाई, आमची मंडळी तुमच्याकडं शिकायला यायची. कुठं गेली काही बोलली होती?"

"गिअर सोडून आमचं काही बोलणं नसायचं, साहेब."

"असेल. गाडी जरा चौकीवर घेता का? कागद बघायचेत."

चौकी मैदानाच्या कोपऱ्यावर, हाकेच्या अंतरावर होती. दारावरचं वाचनयंत्राचं पांढरं खोकं इथून दिसत होतं.

"पेट्रोल संपलंय."

"मग ढकलू की!" रणधीर हसला आणि त्यानं बरोबरच्या दोन शिपायांना हाक मारली. "एक जण स्टिअरिंगवर बसा, एक जण ढकला."

विजयमाला गडबडीनं डाव्या बाजूचं दार उघडून आत बसली. "शाळेची गाडी आहे. शिक्षक शेजारी असल्याशिवाय ती हलवता येत नाही. नियम आहे." नियम खरोखरच होता. आणि शिकाऊ गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक असतो, हेही खरं होतं. तिनं पातळ नीट सोडलं आणि पाय ब्रेकवर ठेवला.

मागचा शिपाई जोर लावू लागला. गाडी बोटभर हलली, थांबली. तो कण्हला. "साहेब, गाडी लई जड हाय!"

"दम नाही रे तुमच्यात." रणधीर स्वतः मागं गेला आणि खांदा लावला. विजयमालानं थोडा पाय उचलला, पुन्हा दाबला. अगदीच हलली नसती तर संशय आला असता. मैदानाचं पुढचं फाटक आलं. वाचनयंत्राचं खोकं आता मोठं दिसत होतं. तिच्या पोटरीत गोळे येऊ लागले आणि मनात वकिलांच्या नावानं शिव्या.

"बाई," मागून रणधीरचा आवाज आला, "मागचा लाल दिवा लागलाय की."

ब्रेक दाबला की मागचा दिवा लागतो, हे तिनं हजारो पोरांना शिकवलं होतं आणि आज स्वतःच विसरली होती.

"जुनी गाडी. लागतो कधीकधी."

तो चालत तिच्या खिडकीशी आला. दोन्ही हात काचेवर ठेवून आत वाकला. लोणी आता कुठल्या कुठं गेलं होतं. "पाय वर घ्या."

"काय?"

"पाय वर घ्या बाई. तुमच्याकडंच शिकलोय मी. तो ब्रेक मला माहीत आहे."

तिनं पाय घेतला नाही. उलट ब्रेक आणखी दाबला. इतक्यात रणधीरच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तो कानाला लावला, ऐकलं, आणि त्याचा चेहरा दगडासारखा झाला. अर्ज दाखल झाला होता. उद्या सुनावणी, तोवर टिकली वाचायची नाही, काढायची नाही, गाडी कोर्टाच्या आवारात उभी करायची.

"उद्या," रणधीर खिडकीवरचे हात काढत म्हणाला. "कागद माझ्याकडं पक्का आहे, बाई. उद्या बघू."

घरी विजयमालाच्या नवऱ्यानं, आनंदरावांनी, सगळं ऐकून घेतलं. ते चुलीपाशी बसून भाकरीला तूप लावत होते. एके काळी घाटातले राजे म्हणून ट्रकवाले त्यांना ओळखायचे. विजयमालाला गाडी त्यांनीच शिकवली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, आणि तिनं शाळा काढली तेव्हा पहिली गाडीही त्यांनीच आणून दिली. मग बिनड्रायव्हरचे ट्रक आले. ते झोपत नाहीत, चहा पीत नाहीत, वळणावर शिट्टी मारत नाहीत. वर्षभरात घाटातले सगळे ड्रायव्हर घरी बसले. आनंदरावांनी जड वाहनाच्या लायसन्सचं नूतनीकरणसुद्धा केलं नाही. अलीकडं ते लग्नाच्या बँडवाल्यांचा छोटा टेम्पो चालवायचे, निदान सांगायचे तरी तसंच.

"मी काढतो ती टिकली," ते म्हणाले. "माझं काय जायचंय? तीन वर्षं तुरुंगात जेवीन."

"गप्प बसा. उद्या वकील बघतील."

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात ही गर्दी. टिकलीचा खटला गावात पहिलाच. न्यायाधीश मॅडम तरुण, कमी बोलणाऱ्या. सरकारी वकिलांनी उठून सांगितलं की आदेश आहे, रीतसर आहे, आणि खुद्द याच कोर्टानं दिलेला आहे. हत्तरकी वकिलांच्या भुवया वर गेल्या.

झालं होतं असं. गोव्याची दारू घाटातून चोरून आणणाऱ्या एका टेम्पोला पोलिसांनी टिकली लावली होती. मागच्या पंधरवड्यात टेम्पो सापडला; चालक पळाला, पण टिकलीत त्याचा 'हात' राहिला.

"हात म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

सरकारी वकील खुलले. "प्रत्येक माणसाची गाडी चालवायची लकब निराळी असते. क्लच किती सावकाश सोडतो, वळणाच्या किती आधी ब्रेकला पाय लावतो, गिअर कधी बदलतो. या सगळ्याचे बारीक हिसके गाडीच्या अंगात उमटतात. टिकलीच्या नोंदीतून रस्त्याचे धक्के वजा केले की उरतो तो चालकाचा हात. सही बदलता येते, मॅडम, हात बदलता येत नाही. मोटार शाळांच्या शिक्षकांचे हात लायसन्सच्या वेळी नोंदवलेले असतात. त्या टेम्पोवरचा हात श्रीमती विजयमाला रेडेकर यांच्या हाताशी जुळला. म्हणून त्यांच्या गाडीला टिकली."

कोर्टात कुजबुज उठली. विजयमाला अवाक् झाली. दारू? टेम्पो? तिनं आयुष्यात टेम्पोला हात लावला नव्हता! मागं रणधीर हाताची घडी घालून उभा होता. कायदा त्यानं मोडलाच नव्हता. यंत्रानं नाव दिलं, त्यानं ते उचललं आणि आपल्या बायकोचा माग काढायला वापरलं. कागद खरोखरच पक्का होता.

हत्तरकी उठले. गाडीत बसल्यावर गोंधळणारा हा माणूस कोर्टात वाघ होता. "माझ्या अशिलानं तांबळपेठेतली निम्मी माणसं शिकवली आहेत. शिष्याचा हात गुरूसारखा असणारच! उभे आहेत ते इंगवलेसाहेबसुद्धा त्यांचेच विद्यार्थी. उद्या त्यांचा हात जुळला तर?"

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. "युक्तिवाद चांगला आहे. पण टिकलीला शिक्षेइतका पुरावा लागत नाही, वाजवी संशय पुरतो. हात दुसऱ्या कुणाचाही असू शकतो म्हणून आदेश रद्द होत नाही. तो अमक्याचा आहे असं दाखवलं, तर होतो. जेवणाच्या सुट्टीनंतर सांगा. नसेल तर टिकली वाचली जाईल."

त्या उठण्याआधी सरकारी वकिलांनी टेम्पोची नोंद पडद्यावर लावली. आडव्या रेघेवर घाट उलगडत गेला. कुठं वेग चढत होता, कुठं उतरत होता. विजयमाला बघत होती. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर, वळण दिसायच्या आधीच. ब्रेकला दोनदा नुसता स्पर्श. तिचीच पद्धत, अगदी तिचीच. मग खालच्या दुसऱ्या वळणापाशी वेग एकदम खाली आला, श्वासभर तसाच राहिला आणि परत चढला.

"इथं काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. खड्डा नाही, गतिरोधक नाही. कारण कळलेलं नाही."

विजयमालाला कळलं. 

त्या वळणावर पूर्वी म्हसोबा होता. रस्ता रुंद केला तेव्हा म्हसोबाला उचलून वरच्या अंगाला फरशीचं देऊळ बांधून दिलं. घाटातला प्रत्येक माणूस आता तिथं हात जोडतो. फक्त एक माणूस सोडून. "देव हलवत असत्यात व्हय?" तो म्हणायचा. "दगूड हलवला त्यांनी. देव हाय तिथंच हाय." आणि जुन्या मोकळ्या जागेपाशी गाडी मंद करून कपाळाला हात लावायचा. यावरून नवराबायकोत कायम वाजायचं. "देव मनात, हात स्टिअरिंगवर," हे वाक्य विजयमाला आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवायची ते त्याच भांडणातून आलं होतं. तिच्या कुणाही शिष्यानं गाडी तिथं मंद केली नसती.

आनंदराव आवारात बदामाच्या झाडाखाली डबा सोडून बसले होते.

"भाकरी आणलीया. ये, जेव."

"टेम्पो कोण चालवत होतं?"

"बँडचा तर मी..."

"अहो." ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "म्हसोबापाशी मंद झाला होता तो टेम्पो. जुन्या म्हसोबापाशी."

डब्याचं झाकण त्यांच्या हातात तसंच राहिलं. 

"खोकी हुती," ते म्हणाले. "आत काय हाय मी कधी बघितलं न्हाई."

"बघायला लागत नाही ते! लाज नाही वाटली? मला बँडच्या गोष्टी सांगत होता, कुठल्या लग्नात काय वाजलं ते!"

"मग काय सांगू?" ते एकदम उसळले. "माला, ज्या मालाला कागुद न्हाई त्योच आता माणसाकडं येतोय. बाकी समदं त्या बिनड्रायव्हरच्या डब्यांनी नेलं. मी काय करू, तुझ्या गाडीचं आरसं पुसत बसू? घाटात गाडी घातली की मी कोण हाय ते मला कळतंय. घरात बसून न्हाई कळत."

तिचा राग आतल्या आत तुटला. तिनं ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. बिनड्रायव्हरचा ट्रक दारावरून गेला की हे तोंड फिरवायचे.

"सुट्टीनंतर नाव सांगितलं नाही, तर रणधीर टिकली वाचेल. संध्याकाळी तो फिलूबाईंच्या दारात असेल."

"फोन कर की तिला. हलव म्हणावं पोरीला."

"एकटी रेणुका असती तर हलवली असती. घरभर बायका आहेत, पोरंबाळं आहेत, दोघी बाळंतिणी. एवढ्या वेळात कुठं नेऊ? आणि आज हलल्या तरी ते घर गेलं ते गेलंच. पुढच्या बायकांनी कुठं जायचं?"

हत्तरकी वकील जवळ येऊन उभे राहिले होते. त्यांनी ऐकलं असावं, किंवा चेहऱ्यांवरून ओळखलं असावं. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, नवऱ्यानं बायकोला काय सांगितलं ते कोर्ट विचारू शकत नाही. ते तुमच्या दोघांत राहील. तुम्ही पडद्यावर स्वतः काय ओळखलं, ते मात्र सांगता येतं. पण सांगायलाच पाहिजे असं नाही. गप्प राहायचा हक्क तुम्हाला आहे. कायदा एवढंच सांगतो. पुढचं मला सांगता येत नाही." आणि ते बाजूला झाले.

"मला किती पडतील?" आनंदरावांनी विचारलं.

"दोन-तीन वर्षं म्हणतात."

"तू सांगणार?"

"तुम्ही सांगा मी काय करू."

"मी न्हाई सांगणार." त्यांनी झाकण डब्यावर घट्ट बसवलं. "बायकोला, मला आत घाल, असं कुठला नवरा सांगंल? आणि त्या पोरीला मरू दे असंबी मला म्हणवंना. तिला मीच पहिल्यांदा रिव्हर्स शिकवला हुता, तू आजारी हुतीस तवा. आरशात बघायला भ्यायची."

"फाटक उघडं आहे," विजयमाला म्हणाली. तिला आपलाच आवाज परका वाटला. "जायचं तर आत्ता जा. मी आत गेल्यावर तुम्हाला थांबवणारं कुणी नाही."

पुकारा झाला. ती आत गेली, मागं वळून पाहायचं धाडस झालं नाही.

पिंजऱ्यात तिला शपथ दिली. खिडकीतून आवारातली तिची गाडी दिसत होती. रणधीर तिच्या मागच्या चाकापाशी जाऊन उभा होता, हातात कोर्टाच्या परवानगीनं जिल्ह्याहून मागवलेलं वाचनयंत्र. हुकूम झाला की वाकायचं, एवढाच अवकाश.

"काही सांगायचं आहे?" मॅडमनी विचारलं.

विजयमालाला वाटलं, आत्ता भोवळ आली तर बरं. पंचवीस वर्षांचा संसार. आजारपणात उशाशी बसलेला माणूस, भाकरीला तूप लावून देणारा माणूस. आणि घाटाखाली कौलारू घरात लांब बाह्यांचं ब्लाऊज घातलेली पोर, जिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"पडद्यावरचा हात माझ्यासारखा आहे मॅडम, कारण मी तो ज्यांच्याकडून घेतला त्यांचा आहे. मला गाडी ज्यांनी शिकवली त्यांचा. खालच्या दुसऱ्या वळणावर गाडी मंद होते तिथं पूर्वी म्हसोबा होता. देऊळ हलवलं. तिथं अजून हात जोडणारा घाटात एकच माणूस आहे. मी जोडत नाही, माझे विद्यार्थी जोडत नाहीत. मैदानात माझी कुठलीही नोंद काढून बघा, घाटातली बघा. मी तिथं मंद होत नाही."

"नाव?"

"आनंदराव गणपती रेडेकर." तिनं कठडा घट्ट धरला. "माझा नवरा."

 सरकारी वकिलांनी घाईघाईनं तिची लायसन्सच्या वेळची घाटातली नोंद काढली आणि दोन्ही रेघा एकाखाली एक ठेवल्या. सगळीकडं जुळल्या. दुसऱ्या वळणावर एक खाली गेली, एक सरळ राहिली. मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि लघुलेखकाला सांगायला सुरुवात केली. आदेशाचा आधार राहिला नाही. आदेश रद्द. चकती न वाचता, कोर्टाच्या अधीक्षकांसमक्ष नष्ट करावी. बेलीफ हातोडी घेऊन बाहेर पळाला. खिडकीतून दिसलं, रणधीर दोन पावलं मागं सरला, वाचनयंत्र हातात तसंच.

"सदर इसमाला समन्स..." मॅडम म्हणत होत्या.

"समन्स कशाला? मी हाय की हितंच."

आनंदराव मागच्या बाकावरून उठले. ते गेले नव्हते. डबा बाकावर नीट ठेवून, टोपी हातात घेऊन ते पुढं आले आणि पिंजऱ्याच्या शेजारी, विजयमालापासून हातभर अंतरावर उभे राहिले. तिच्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

कोर्टाचा लेखनिक कीबोर्डवर बोटं ठेवून विचारू लागला. "नाव?"

"आनंदराव गणपती रेडेकर."

"वय?"

"छप्पन्न."

"धंदा?"

"ड्रायव्हर."

लेखनिकानं मान वर केली. "तो धंदा आता कुठं राहिलाय? सध्याचा सांगा."

"सध्याचाच सांगतोय," आनंदराव म्हणाले, आणि त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "ते बघितलं न्हवं आत्ता सगळ्यांनी? लिवा ड्रायव्हर."

लेखनिकानं तसं लिहिलं. विजयमाला कठडा धरून उभी होती आणि भरल्या कोर्टात तिला रडू आवरत नव्हतं.